मुलं आणि ज्येष्ठ एकत्र शिकायला बसवताना

कॉलेजच्या मुलांच्या आणि ज्येष्ठांच्या जोड्या लावणं हे माझं काम. त्यात पहिलं पथ्य हे की मुलांना सेवा करायला पाठवू नका. मग मुलं दया घेऊन येतात आणि जाताना तीच थोडी वाढवून नेतात. नुसत्या गाठीभेटींनी पूर्वग्रह जात नाहीत, हे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडलं होतं. दोघांचा दर्जा बरोबरीचा हवा, काम एकच हवं आणि ते एकमेकांवाचून अडणारं हवं.

माझं आवडतं काम म्हणजे जुन्या फोटोंचा डबा. मुलाने फोटो स्कॅन करायचे, ज्येष्ठांनी माणसं ओळखायची. नावं फोटोमागे मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई पुढे उमटू शकते. गप्पा मारा, असं कुणाला सांगावं लागत नाही. ‘हा कोण?’ विचारलं की पुढचा अर्धा तास आपोआप जातो.

फोन शिकवायची पाळी आली की मुलांना एकच नियम: हात पाठीमागे. फोन ज्येष्ठांच्याच हातात राहील. ‘द्या, मी करून देतो’ म्हटलं की शिकणं तिथेच संपलं.

आणि ओरडू नका. वयोमानाने बहुधा उंच पट्टीचे आवाज आधी हरवतात, म्हणून ‘स’, ‘फ’ यांसारखी व्यंजनं निसटतात. आवाज चढवल्याने ती परत येत नाहीत. समोर बसा, चेहऱ्यावर उजेड असू द्या, टीव्ही बंद करा, सावकाश बोला.

सुरुवातीलाच मुलांकडून लिहून घ्या: माणूस म्हातारा कितव्या वर्षी होतो? दोन-तीन महिन्यांनी तोच कागद पुन्हा द्या. एर्डमन पामोर यांची म्हातारपणाविषयीच्या २५ विधानांची १९७७ची चूक-बरोबर चाचणीही चर्चेला बरी.

अंगावर वजनं बांधून म्हातारपण ‘अनुभवायला’ लावणारे पोशाख मात्र मी वापरत नाही. त्यात सांध्यांचा ताठरपणा कळतो. वयाने वाढलेला शब्दसंग्रह, माणसं पारखायची नजर यांतलं काहीच कळत नाही.

‘यात आमच्या मुलांचा काय फायदा?’ असं पालक विचारतातच. मुलंही एक दिवस म्हातारी होणारच, म्हणून त्यांना मी संशोधक बेका लेवी यांचा २००२चा अभ्यास सांगते. स्वतःच्या वाढत्या वयाकडे चांगल्या नजरेने पाहणारे लोक सरासरी साडेसात वर्षं जास्त जगल्याचं त्यात दिसलं होतं.

शेवटी सत्कार-भाषणं ठेवू नका. पुढची भेट कधी, हे जोडीला आपसांत ठरवू द्या.