भेटीच्या आनंदात किंवा भीतीने घरात लघवी करणाऱ्या कुत्र्याला कसे हाताळावे

मालकाने दार उघडताच शेपटी हलवत धावत आलेले पिल्लू फरशीवर थोडी लघवी करते, तेव्हा 'याला शिस्तच नाही' असे म्हणून त्याच्यावर ओरडले जाते. वास्तविक ते मुद्दाम काहीच करत नसते. अतिआनंदात पिल्लाचा लघवीवरील ताबा सुटतो. भित्रे कुत्रे मात्र कान मागे पाडून, शेपटी पायांत घालून, कधी उताणे होऊन लघवी करते, तेव्हा ते समोरच्याला आपली शरणागती कळवत असते. अशा कुत्र्याला मारणे किंवा त्याचे नाक लघवीत घासणे (ही जुनी रीत अजूनही पुष्कळ घरांत चालते) म्हणजे त्याची भीती, आणि पर्यायाने लघवीही, वाढवणे होय.

झोपेत लघवी गळत असेल, कुत्रे नेहमीपेक्षा जास्त पाणी पीत असेल किंवा ही सवय अचानक लागली असेल, तर मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह यांसारखी कारणे असू शकतात. म्हणून आधी पशुवैद्यकांकडून तपासणी करून घ्यावी.

खरा बदल भेटण्याच्या पद्धतीत करावा लागतो. घरात आल्यावर कुत्र्याकडे न पाहता, न बोलता चपला काढाव्यात, पिशवी ठेवावी आणि त्याचे चारही पाय जमिनीवर स्थिरावेपर्यंत थांबावे. मग त्याच्यासमोर वाकून उभे न राहता, थोडे आडवे वळून उकिडवे बसावे आणि त्यालाच जवळ येऊ द्यावे. डोक्यावरून येणारा हात भित्र्या कुत्र्याला धाक वाटतो, त्यामुळे हनुवटीखाली किंवा छातीवर हलकेच खाजवावे. पाहुणे येणार असतील, तर त्याला आधीच बाहेर फिरवून आणावे आणि पाहुण्यांनाही हेच नियम सांगावेत. लाडाने 'अले, माझं बाळ ते!' म्हणत झेपावणाऱ्या मावशींना आवरणे कुत्र्याला आवरण्यापेक्षा अवघड असते, पण त्याला इलाज नाही.

लघवी झालीच तर काही न बोलता पुसून घ्यावी. अमोनिया असलेले द्रावण टाळावे, कारण त्याच्या वासाने कुत्रे पुन्हा त्याच जागी येऊ शकते. पाळीव प्राण्यांसाठी मिळणारा एन्झाइमयुक्त (लघवीचा वास मुळातून घालवणारा) क्लीनर वापरावा.

दिवाळीच्या फटाक्यांनी बिथरणाऱ्या कुत्र्याला अंधार पडण्यापूर्वीच फिरवून आणावे आणि खिडक्या लावून आतल्या खोलीत ठेवावे. बहुतेक पिल्लांची भेटीच्या वेळी लघवी करण्याची सवय वर्षभराच्या वयापर्यंत सुटते. त्यानंतरही भीती कायम राहिल्यास वर्तनोपचार आणि गरज पडल्यास औषधे यांविषयी पशुवैद्यकांशी बोलावे.