स्वायत्ततेचा करार शेवटच्या पानापासून वाचायला घ्या

तालुक्याच्या कचेरीबाहेर बसून मी सव्वीस वर्षं दस्त लिहिले. खरेदीखत हातात आलं की आधी शेवटचं पान बघायची सवय तिथलीच. नातीच्या परीक्षेसाठी हाँगकाँगचा ‘बेसिक लॉ’, म्हणजे १९९७मध्ये ब्रिटनकडून चीनकडे गेलेल्या त्या शहराचा मूळ कायदा, तिच्याबरोबर वाचला, तोही तसाच. केंद्र सरकारनं एखाद्या प्रदेशाला स्वायत्ततेचा शब्द दिला असेल, तर तो कागद कसा वाचायचा, ते सांगते.

आधी वहीत लिहून काढा: काय कबूल केलंय आणि किती मुदतीचं. बेसिक लॉच्या दुसऱ्या कलमात ‘उच्च दर्जाची स्वायत्तता’ आहे, अंतिम निवाड्याच्या अधिकारासकट. पाचव्या कलमात जुनी व्यवस्था आणि जगण्याची रीत ५० वर्षं बदलणार नाही, असं लिहिलंय.

मग थेट शेवटाकडे या. कलमं एकूण १६०. त्यातलं १५८वं ओळीवर बोट ठेवून वाचा. या कायद्याचा अर्थ लावण्याचा अधिकार बीजिंगच्या राष्ट्रीय लोककाँग्रेसच्या, म्हणजे चीनच्या संसदेच्या, स्थायी समितीचा. १५९व्यात दुरुस्तीचा अधिकारही लोककाँग्रेसचाच. म्हणजे शब्द देणारा तोच आणि शब्दाचा अर्थ सांगणाराही तोच. बाकी सगळी कलमं या एका खुंटीला टांगलेली आहेत, असं माझं ठाम मत आहे.

एका आजींनी पुतण्याला घर बक्षीसपत्रानं दिलं होतं. ‘मी हयात असेपर्यंत माजघर माझ्या वहिवाटीत राहील’ अशी अट होती, आणि शेवटच्या पानावर ‘मालकाच्या सोयीनुसार’ एवढे दोन शब्द. पुतण्यानं मध्ये भिंत घातली, परसाकडचं दार बुजवलं आणि उरलेल्या सहा बाय आठच्या तुकड्याला माजघर म्हणू लागला. आजी तो दस्त पदराखालून काढून पुन्हा पुन्हा माझ्यापुढे धरायच्या. अट मोडलेली नव्हती, म्हणून मला त्यांना काहीच सांगता येईना. अर्थ कोण लावणार हे मी सगळ्यात आधी शोधते, ते तेव्हापासून.

कागद वाचून झाला की पहिला वाद शोधा. हाँगकाँगमध्ये जानेवारी १९९९मध्ये तिथल्या अंतिम न्यायालयानं हाँगकाँगकरांच्या चीनमध्ये जन्मलेल्या मुलांच्या वास्तव्याच्या हक्काच्या बाजूनं निकाल दिला. स्थानिक सरकारनंच बीजिंगकडे धाव घेतली आणि जूनमध्ये स्थायी समितीनं त्या कलमांचा वेगळा अर्थ लावला. या दोन तारखा शेजारी शेजारी लिहून ठेवा.

परिशिष्टं सोडू नका. २३वं कलम म्हणतं, देशद्रोहासारख्या गुन्ह्यांचे कायदे हाँगकाँगनं स्वतः करावेत. पण १८व्या कलमानुसार तिसऱ्या परिशिष्टात देशाचे कायदे घालता येतात. ३० जून २०२० रोजी राष्ट्रीय सुरक्षा कायदा याच वाटेनं आला, हाँगकाँगच्या विधिमंडळापुढे न जाता.

साक्षीदार कोण, तेही बघा. हाँगकाँग चीनकडे सोपवण्याची १९८४ची संयुक्त घोषणा ब्रिटन आणि चीनची, संयुक्त राष्ट्रांत नोंदवलेली. पण तंटा झाला तर कुणाकडे जायचं, ते तिच्यात नाही. २०१७मध्ये चीनच्या परराष्ट्र खात्याचा प्रवक्ता म्हणाला की हा इतिहासातला दस्तऐवज आहे, आता त्याला व्यवहारात अर्थ नाही.

आणि ताबा कुणाचा? तिबेटचा चीनशी झालेला १७ कलमी करार मे १९५१मधला. पूर्व तिबेटमधलं चाम्दो त्याआधीच, ऑक्टोबर १९५०मध्ये चिनी सैन्याच्या हातात गेलं होतं. चौथं कलम सांगतं, तिथली राज्यव्यवस्था केंद्र बदलणार नाही. पंधरावं सांगतं, केंद्र तिथे लष्करी आणि प्रशासकीय समिती नेमेल, लष्करी मुख्यालय उघडेल. ही दोन्ही कलमं एका दमात वाचा. मार्च १९५९मध्ये दलाई लामांना ल्हासा सोडावं लागलं.

शेवटी भाषा. बेसिक लॉच्या चिनी आणि इंग्रजी प्रतींत फरक निघाला, तर चिनी प्रत खरी धरायची, असं १९९०मध्येच ठरलेलं आहे. तुमच्या हातातली प्रत कुठल्या भाषेतली आहे, ते आधी बघून घ्या.