शाकाहारी जेवणात नक्की काय कमी पडतं आणि ते कसं भरून काढायचं

शाकाहारी माणसाला सगळे एकच विचारतात, "मग तुला प्रोटीन कुठून मिळतं?" आणि आपलं उत्तर पण ठरलेलं, डाळ खातो की रोज. पण ती डाळ किती खातो ते एकदा मोजून बघा खरंच. मी मोजली होती तर पातळ डाळीच्या एका वाटीत कोरडी डाळ जेमतेम २०-२५ ग्रॅम निघाली, बाकी सगळं पाणी. कोरड्या डाळीत १०० ग्रॅमला २२ ते २५ ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणजे वाटीतून मिळालं पाच-सहा ग्रॅम. आणि मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे निदान ०.८ ग्रॅम तरी लागतं, ६० किलो वजन असेल तर ४८ ग्रॅम झालं, त्यात डाळी-धान्यातलं प्रोटीन थोडं कमी पचतं म्हणून मी तर किलोला १ ग्रॅमच धरते. (किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नका.)

म्हणून माझं म्हणणं एवढंच की ताटात आधी कडधान्य वाढा आणि मग उरलेल्या जागेत भात, ब्रेड, बटाटा काय ते. आपण नेमकं उलट करतो, पोट धान्याने भरतं आणि डाळ नुसती भिजवायला असते. डाळ घट्ट करा, राजमा, चणे, मसूर, मूग आलटून पालटून करा, सोयाबीन तर सगळ्यात भारी कारण कोरड्या सोयाबीनमध्ये १०० ग्रॅमला ३६ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं. टोफू, पनीर, दही, शेंगदाणे हे पण धरा. धान्य अगदी सोडू मात्र नका, प्रोटीन ज्या अमिनो ॲसिड्सचं बनतं त्यातलं लायसिन धान्यात कमी असतं आणि मेथिओनिन कडधान्यात कमी, त्यामुळे दोन्ही मिळून एकमेकांचं भरून काढतात. दोन्ही एकाच जेवणात पाहिजेत असं आधी सांगायचे पण तसं काही नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की झालं.

आता बी१२. इथे कृपया कुणी वाद घालू नका, कारण हे व्हिटॅमिन झाडं बनवतच नाहीत, बॅक्टेरिया बनवतात, आणि आपल्याला ते प्राण्यांपासून आलेल्या अन्नातून किंवा वरून घातलेल्या पदार्थांतून मिळतं. पालेभाजीत नाही, मोडांत नाही, आणि स्पिरुलिनामध्ये (पावडर-गोळ्यांत मिळणारं शेवाळ) जे असतं ते बहुतेक आपल्या शरीराला वापरता येत नाही. दूध-दही भरपूर घेणाऱ्यांना थोडंफार मिळतं पण ज्यांनी दूधही सोडलंय त्यांना बी१२ घातलेले पदार्थ किंवा सप्लिमेंट घ्यावंच लागतं. गरज रोजची २.४ मायक्रोग्रॅम, इतकीशी. फसवणूक अशी होते की लिव्हरमध्ये साठा असतो तो काही वर्षं पुरतो, त्यामुळे आहार बदलल्यावर सुरुवातीला एकदम मस्त वाटतं, आणि मग कधीतरी थकवा, जीभ लाल होणं, हातापायांना मुंग्या, विसरायला होणं असं सुरू होतं. शिवाय शाकाहारात फोलेट (दुसरं एक बी व्हिटॅमिन) चिक्कार, ते बी१२ कमी असल्याने होणारा ॲनिमिया झाकतं, त्यामुळे रक्ताच्या साध्या तपासणीत सगळं ठीक दिसू शकतं आणि आत नसांचं नुकसान चालू असतं. डायबेटिसची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या बरीच वर्षं चालू असतील तर बी१२ आणखी कमी शोषलं जातं. आणि गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर अजिबात अंदाजावर राहू नका, बाळाला ते तुमच्याकडूनच मिळणार आहे.

आयर्नचं वेगळंच आहे, ते ताटात असतं पण अंगी लागत नाही. डाळी, राजमा, तीळ, पालेभाज्या सगळ्यांत आयर्न आहे, फक्त भाजीपाल्यातलं आयर्न शरीर कमी शोषून घेतं. यावर सोपा उपाय म्हणजे सोबत व्हिटॅमिन सी, शिजवून झाल्यावर लिंबू पिळा, कच्चा टोमॅटो किंवा ढोबळी मिरची घ्या, नंतर संत्रं खा. आणि जेवणासोबत चहा-कॉफी बंद, आधी नंतर तासभर तरी गॅप ठेवा. आयर्नची गोळी चालू असेल तर कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत नको, वेगळ्या वेळी घ्या. कडधान्यं भिजवून, मोड आणून किंवा आंबवून खाल्ली तर त्यातलं फायटेट कमी होतं, ज्याने आयर्न आणि झिंक दोन्ही अडकून राहतात. पालकावर फार भरवसा ठेवू नका, त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम तर जवळजवळ मिळतच नाही. कॅल्शियमसाठी दूध, दही, न सोललेले तीळ, किंवा कॅल्शियम घालून केलेला टोफू बघा, लेबल वाचून घ्या.

ओमेगा-३ साठी (शरीराला लागणारं एक चांगलं फॅट) रोज चमचाभर जवस, पण कुटून, अख्खे खाल्ले तर तसेच बाहेर पडतात. अक्रोड पण चालतील. मीठ आयोडीनवालंच वापरा, सैंधव किंवा नुसत्या समुद्री मिठात आयोडीन नसल्यासारखंच असतं.

व्हिटॅमिन डी जेवणातून फारसं मिळत नाही, मग तुम्ही काहीही खात असा, ते उन्हाचं काम. म्हणून वर्षातून एकदा रक्त तपासाल तेव्हा नुसतं हिमोग्लोबिन बघून थांबू नका, डॉक्टरांना विचारून बी१२, डी आणि फेरिटिन हे तीन पण करून घ्या. आयर्नचा साठा संपत आलाय हे फेरिटिनमध्ये आधी कळतं, हिमोग्लोबिन त्यानंतर उतरतं.