रोबॉट प्लॅन पाळत नाहीये? अल्गोरिदम बदलायच्या आधी हे बघा

सिम्युलेशनमधे आर्म मस्त चालतो आणि खऱ्या रोबॉटवर टाकला की झटके देतो, मग पोरं आठवडाभर प्लॅनर, म्हणजे रस्ता ठरवणारा प्रोग्रॅम, बदलत बसतात. प्लॅनर बहुतेक वेळा बरोबरच असतो हो, लोचा असतो तो प्लॅनर आणि कंट्रोलरच्या (मोटर हलवणाऱ्या भागाच्या) मधे.

सगळ्यात जास्त घोळ टायमिंगचा. साधा आरआरटी (रँडम पॉइंट घेत रस्ता शोधणारा प्लॅनर) नुसते पॉइंट देतो, कुठल्या क्षणी कुठे असायचं ते सांगतच नाही, आणि लोक तेच पॉइंट सरळ कंट्रोलरकडे ढकलतात. फ्रँका कंपनीच्या आर्मला दर 1 मिलिसेकंदाला कमांड लागते, वेगात उडी दिसली की तो एरर टाकून गप्प उभा. त्यामुळे टाइम पॅरामीटरायझेशन, म्हणजे प्रत्येक पॉइंटला वेळ लावणं, केलंय ना ते बघा, ॲक्सिलरेशन लिमिट अंदाजपंचे भरू नका, आणि कमांड केलेला वेग एकदा प्लॉट करा. ग्राफमधे पायऱ्या दिसल्या तर चोर सापडला.

क्वाटर्नियन, म्हणजे वस्तू किती फिरलीय ते सांगणारे चार आकडे (एक्स, वाय, झेड, डब्ल्यू)! मुजोको या सिम्युलेटरमधे डब्ल्यू पहिला, रॉस या रोबॉट सॉफ्टवेअरमधे शेवटचा. 1, 0, 0, 0 म्हणजे मुजोकोत 'अजिबात फिरू नको', तेच आकडे रॉसला दिले की एक्स अक्षाभोवती 180 डिग्री. ग्रिपर छताकडे बघत असेल तर कॅलिब्रेशन परत करण्याआधी हे तपासा.

आर्म पातळ पाइपला धडकला आणि प्लॅनर म्हणतो रस्ता मोकळा होता? ओएमपीएल ही प्लॅनरची लायब्ररी रस्ता तुकड्या-तुकड्याने चेक करते, डिफॉल्ट तुकडा स्टेट स्पेसच्या (आर्मच्या सगळ्या शक्य स्थितींच्या) पसाऱ्याच्या 1 टक्का. तेवढ्यात हाताचं टोक बऱ्यापैकी सरकतं आणि पाइप दोन चेकच्या मधून निसटतो. हा टक्का (फ्रॅक्शन) कमी करा, प्लॅनिंगला वेळ जास्त लागेल, लागू दे.

आता रिसर्च पेपरमधे प्लॅनरची तुलना करता त्याचं. आरआरटीच्याच प्रकारांपैकी आरआरटी-कनेक्ट पहिला रस्ता मिळाला की थांबतो, आरआरटी-स्टार दिलेला सगळा वेळ रस्ता सुधारण्यात घालवतो, मग दोघांच्या प्लॅनिंग टाइमचा बार चार्ट काढून काय कळणार? साधा आरआरटी कितीही चालवला तरी बेस्ट रस्त्याकडे जात नाही हे करमन आणि फ्रॅझोली यांनी 2011 मधेच सिद्ध केलंय, तेव्हा 'आमचा रस्ता आरआरटीपेक्षा छोटा' हा काही फार मोठा तीर नाही. एका रँडम सीडवर (रँडम आकडे कुठून सुरू होतात ते ठरवणारा नंबर) तर काहीच ठरत नाही. भरपूर सीड चालवा, मीडियन आणि स्प्रेड दोन्ही द्या, आणि फेल गेलेले रन सरासरीतून गुपचूप उडवण्यापेक्षा त्यांचा वेगळा कॉलम करा, रिव्ह्यूअर तेच विचारतो.