जँगोचे क्लास-बेस्ड व्ह्यू शिकताना या चुका टाळा

जँगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कमध्ये चार ओळींत लिस्टव्ह्यू (यादीचं पान दाखवणारा तयार क्लास) चालला की वाटतं, फ्रेमवर्क आलं. मलाही वाटलं होतं. मग एका कॉलेजच्या सूचनाफलकाचं काम हाती आलं. प्रसिद्धीची वेळ होऊन गेलेल्या सूचनाच दिसाव्यात म्हणून मी क्लासमध्ये, कुठल्याही मेथडच्या बाहेर, क्वेरीसेट (डेटाबेसमधून काय आणायचं ते) लिहून त्यात ‘टाइमझोन.नाऊ()’ची, म्हणजे आत्ताच्या वेळेची, अट घातली. लॅपटॉपवर सगळं ठीक. सर्व्हरवर मात्र सकाळी 10 ची सूचना संध्याकाळ झाली तरी दिसेना, आणि सर्व्हर रीस्टार्ट केला की लगेच दिसायची. दोन दिवस मी कॅशे तपासत बसलो.

क्लासमध्ये थेट लिहिलेली ओळ फाइल इम्पोर्ट होताना एकदाच चालते. म्हणजे माझं ‘आत्ता’ सर्व्हर सुरू झाला त्या क्षणाला गोठलं होतं. लॅपटॉपवर हे कळलं नाही, कारण तिथे फाइल सेव्ह केली की रनसर्व्हर (जँगोचा सरावाचा सर्व्हर) स्वतःच पुन्हा सुरू होतो. अट ‘गेट_क्वेरीसेट’ मेथडमध्ये हलवली आणि प्रश्न सुटला, कारण ती मेथड प्रत्येक रिक्वेस्टला चालते. मॉडेलच्या (डेटाबेसमधल्या तक्त्याचं वर्णन करणाऱ्या क्लासच्या) डिफॉल्टमध्येही हाच सापळा आहे: तिथे ‘टाइमझोन.नाऊ’ कंसांशिवाय द्या.

लायब्ररीला आपण हाक मारतो, फ्रेमवर्क आपल्या कोडला हाक मारतं. ती हाक कधी आणि कुठल्या क्रमाने येते हे न शिकता नुसती मेथडची नावं पाठ करणं, हीच मूळ चूक.

क्रमाची सर्वांत धोकादायक चूक लॉगिनची. ‘लॉगिनरिक्वायर्डमिक्सिन’ (लॉगिन झालंय का ते तपासणारा जोड-क्लास) हे क्लासच्या कंसात लिस्टव्ह्यूच्या उजवीकडे लिहिलं तर एररही येत नाही आणि तपासणीही होत नाही. पायथन मेथड डावीकडून शोधतो. त्याला आधी मूळ व्ह्यूची ‘डिस्पॅच’ (रिक्वेस्ट योग्य मेथडकडे पाठवणारी मेथड) सापडते, ती पुढे सुपरला, म्हणजे क्रमातल्या पुढच्या क्लासला, बोलावत नाही, आणि पान सगळ्या जगाला उघडं राहतं. मिक्सिन नेहमी डावीकडे. शंका आली तर क्लासचा ‘__एमआरओ__’ (मेथड शोधण्याचा क्रम) प्रिंट करून बघा, आणि लॉगिन न करता पान मागणारी एक टेस्ट लिहाच. उत्तर 200 आलं तर दार उघडं आहे, 302, म्हणजे लॉगिनच्या पानाकडे वळवणं, हवं.

‘गेट_कॉन्टेक्स्ट_डेटा’ (टेम्प्लेटला डेटा पुरवणारी मेथड) लिहिताना सुपर विसरलात तर टेम्प्लेटमधली यादी रिकामी दिसते. डेटाबेसवर संशय घेण्याआधी ती ओळ बघा.

अडलात की जँगोचा सोर्सच उघडा. जेनेरिक व्ह्यूंमधली लिस्टची फाइल एका बैठकीत वाचून होते, आणि ती वाचल्यावर मला जेवढं उमगलं तेवढं दहा व्हिडिओंनी उमगलं नव्हतं.

मॉडेलच्या ‘सेव्ह’मध्ये हिशेब लिहिला असेल तर आणखी एक जपा. क्वेरीसेटवरचं ‘अपडेट’ थेट एसक्यूएल चालवतं, तुमच्या ‘सेव्ह’ला आणि सेव्हच्या सिग्नलना (सेव्ह होताना आपोआप चालणाऱ्या कोडला) विचारत नाही. एकदम अनेक नोंदी करणारं ‘बल्क_क्रिएट’ही तसंच. हिशेब महत्त्वाचा असेल तर लूप लावून एकेक ऑब्जेक्ट सेव्ह करा, वेळ थोडा जास्त गेला तरी चालेल.