किडनीसाठी दोन गोळ्या एकदम सुरू झाल्यात? या चुका टाळा

आम्ही नेरूळला राहतो. बाबांच्या मधुमेहाला अठरा वर्षं झाली. शुगर दर महिन्याला तपासायचो, लघवीतलं अल्ब्युमिन (किडनीची गाळणी बिघडली की लघवीत उतरणारं प्रथिन) मात्र कधीच नाही. ही पहिली चूक. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) वाढेपर्यंत किडनीचं बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. अल्ब्युमिन त्याआधी इशारा देतं. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा द्या. पाम बीच रोडवर धावून आल्यावर किंवा अंगात ताप असताना नको.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे दोन औषधं घेतली की दुप्पट फायदा. रामिप्रिल आणि टेल्मिसार्टन या रक्तदाबाच्या गोळ्या एकत्र देऊन पाहिलं, त्याचे निष्कर्ष 2008 साली आले. लघवीतलं प्रथिन आटोक्यात राहिलं, पण डायलिसिसची गरज किंवा क्रिएटिनिन दुप्पट होण्याचं प्रमाण वाढलं! दोन्ही गोळ्या रक्तदाब वाढवणाऱ्या एकाच हार्मोन-यंत्रणेला दाबतात. म्हणून जुन्या चिठ्ठीतली गोळी नव्या चिठ्ठीतलीला स्वतःहून जोडू नका.

2025 सालच्या 'कॉन्फिडन्स' चाचणीतली जोडी वेगळी होती. फिनेरेनोन किडनीतली सूज आणि व्रण रोखतं, एम्पाग्लिफ्लोझिन गाळणीवरचा दाब उतरवतं. 180 दिवसांत अल्ब्युमिन सरासरी 52 टक्के घटलं, एकट्या औषधापेक्षा साधारण 30 टक्के जास्त. मला यातून खरंच आशा वाटते. मात्र त्यात मोजलं ते अल्ब्युमिन. डायलिसिस किती जणांची टळली, हे कळायला सहा महिने पुरत नाहीत.

याच दोन गोळ्या सुरू झाल्यावर बाबांचं क्रिएटिनिन 1.3 वरून 1.5 झालं आणि शेजारच्या काकांचं ऐकून त्यांनी दोन्ही बंद केल्या. ते कळल्यावर मला रडूच आलं. गाळणीवरचा दाब उतरला की सुरुवातीला एवढा फरक पडू शकतो. तो किती चालेल, हे डॉक्टरांना ठरवू द्या.

पावसाळ्यात उलट्या-जुलाब लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून कोणती गोळी थांबवायची ते विचारा. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी परस्पर घेऊ नका. फिनेरेनोनमुळे पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून चार आठवड्यांनी ते तपासायचंच. रोजचं शहाळं आणि 'लो सोडियम' मीठही डॉक्टरांच्या कानावर घाला. त्या मिठात पोटॅशियमच असतं. आमच्या डब्यात ते दोन वर्षं होतं.