संत्रं जेवणासोबतच खा, आणि चहा जरा लांब ठेवा

आपल्या सोलापुरात रोजचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, एखादी पालेभाजी. यात लोह असतं पण वनस्पतीतलं लोह शरीर नीट ओढून घेत नाही, तिथं संत्र्यातलं व्हिटॅमिन सी कामाला येतं, म्हणून संत्रं चार वाजता एकटं खाण्यापेक्षा ताटातच दोनचार फोडी घ्या नाहीतर जेवण झालं की लगेच सोला. आणि आपली ती सवय, हात धुतले की चहा, ती तासभर तरी पुढं ढकला राव, चहामुळं तेच लोह अडतं. हिमोग्लोबिन कमी निघालंय त्यांनी गोळ्या मात्र बंद करू नका हां, हे त्याच्या जोडीला.

ज्यूस नको, अख्खंच खा. फोडीवरचे पांढरे धागे काहीजण नखानं एकेक काढत बसतात, कशाला, त्यातच तर फायबर असतं, पोट साफ राहतं. ज्यूसमध्ये तीन-चार संत्री एका दमात जातात अन् चोथा गाळण्यात, शुगरवाल्यांना तर ते बिलकुल बरं नाही.

लक्ष्मी मंडईत घेताना रंगावर जाऊ नका, नागपुरी संत्रं थोडं हिरवट असलं तरी गोड निघतं. हातात घेऊन बघा, आकाराच्या मानानं जड लागलं तर रस आहे, साल फारच फुगून पोकळ लागत असेल तर ठेवून द्या. ॲसिडिटीवाल्यांनी उपाशीपोटी खाऊ नये. खाल्ल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरा, ब्रश अर्ध्या तासानं.